टॉकीजबाहेर पडलेला प्रयोग

एके काळी देवळाली कॅम्पातल्या टॉकीजलाही, देशातल्या कुठल्याही टॉकीजप्रमाणे, मुख्य सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनचा वार्तापट किंवा माहितीपट लावावाच लागे. परवान्यातली अटच तशी होती. वर त्याचं भाडं मालकाच्या गल्ल्यातून जाई. त्या सक्तीचं मला प्रेम नाही. पण याच संस्थेत प्रमोद पती होते, प्रागला यिर्झी त्रन्का यांच्याकडे बाहुल्यांचं अ‍ॅनिमेशन शिकून आलेले. १९६८चा त्यांचा ‘एक्सप्लोरर’ जेमतेम सात मिनिटांचा. निवेदन नाही, गोष्ट नाही. नाचणारी तरुण पोरं, यंत्रं, धार्मिक चिन्हं डोळा लवायच्या आत बदलतात आणि ध्वनी चित्रामागे मुकाट न चालता त्याला धडका देतो. १९७२च्या ‘आबिद’मध्ये चित्रकार आबिद सुरती खोलीच्या भिंती रंगवत सुटतात, एकेक फ्रेम थांबून टिपलेले. हे सगळं सरकारी पैशांतून चाललं होतं.

त्याच सुमारास चित्रकारही कॅमेऱ्याकडे वळले. हुसेन यांच्या ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ला १९६७मध्ये बर्लिनला गोल्डन बेअर मिळालं. तय्यब मेहतांनी १९७०च्या ‘कूडल’साठी वांद्र्याचा कत्तलखाना चित्रित केला. अकबर पदमसींनी नेहरू फेलोशिपच्या पैशांतून मुंबईत कार्यशाळा उभी केली. नलिनी मालानींचे सुरुवातीचे प्रयोग तिथलेच. पदमसींच्या ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ची एकच प्रिंट होती, ती हरवली.

आज यातलं जे दिसतं ते बहुतेक कलादालनात, आणि माझी तक्रार तिथेच आहे. अर्धवट उजेड, दिवसभर फिरत राहणारी फिल्म, मधूनच येणारा नि मधूनच निघून जाणारा प्रेक्षक. ध्वनीची तर दैनाच: शेजारच्या कलाकृतीला त्रास नको म्हणून हेडफोन लटकवलेले. लूपसाठीच घडवलेल्या कामाला ते चालतं. ‘एक्सप्लोरर’ला मात्र अंधार हवा, पोटात घुमणारा आवाज हवा आणि ठरलेल्या वेळी सुरुवात हवी. २००३मध्ये मुंबईत सुरू झालेला ‘एक्सपेरिमेंटा’ महोत्सव पुढे बंगळुरूला गेला. २०१२पासून फिल्म्स डिव्हिजनच्याच ‘एफडी झोन’ने जुने लघुपट पुन्हा पडद्यावर आणले. दोन्ही मोलाची कामं, पण त्यांचा प्रेक्षक महानगरातला. आणि फिल्म्स डिव्हिजनच २०२२मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली.

नाशिक जिल्ह्याने यात मागे राहावं, हे मला पटत नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’आधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थोडी थोडी टिपून फिल्म केली होती, पतींची ‘आबिद’मधली युक्ती त्याच कुळातली. देवळालीत लाम रोडच्या परिसरात रविवार सकाळचा एक खेळ लावायला फार पैसा लागत नाही, काटेकोरपणा लागतो. जुन्या चौकटीतलं चित्र पडदा भरावा म्हणून ताणू नये. आवाजाची पातळी आदल्या दिवशी रिकाम्या हॉलमध्ये ऐकून ठरवावी, आणि हॉल भरला की अंगं नि कपडे आवाज शोषतात म्हणून थोडी वाढवावी. दोन फिल्मांमध्ये भाषण नको, मिनिटभर काळोख पुरे.

पदमसींचा ‘सिझिजी’ मी मधोमध ठेवेन. रेषांचीच फिल्म, साधारण अकरा मिनिटं, पूर्ण मूक. ‘एक्सप्लोरर’नंतर लगेच ती आली की खुर्चीची करकर, कुणाचा खोकला, पंख्याची घरघर, एकेक ऐकू यायला लागेल. देवळाली हे तोफखान्याचं गाव; बाहेर तोफांचा सराव चालू असला, तर तो आवाजही आत येऊ द्यावा. दारं लावून घेण्याची घाई करू नये.