टिळकांची ख्रिस्तनिष्ठा आणि 'विश्वास' या शब्दाचा अर्थ

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या ख्रिस्ती कवितेसंबंधी दोन परस्परविरुद्ध मते संभवतात. पहिले मत असे की, ही कविता म्हणजे वारकरी संतांचीच भक्ती असून तीत विठ्ठलाच्या जागी ख्रिस्ताचे नाव तेवढे आले आहे. दुसरे मत असे की, तिचा आशय सर्वस्वी ख्रिस्ती असून अभंग हे केवळ बाह्य वेष्टन आहे. पहिल्या मताने टिळकांचे धर्मांतर अनावश्यक ठरते, आणि दुसऱ्याने त्यांचे मराठीपण आनुषंगिक ठरते. दोन्ही मतांचे मूळ एकच आहे. ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे काही सिद्धान्तांना दिलेली बौद्धिक मान्यता, असे दोन्ही पक्षांनी गृहीत धरलेले असते. हे गृहीतकच तपासून पाहिले, तर टिळकांच्या काव्याचा आणि त्याच्या मर्यादांचाही अधिक न्याय्य विचार करता येईल.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी दापोली तालुक्यातील करजगाव येथे झाला. महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मिशनकार्याच्या आरंभीच्या इतिहासात या परिसराचे स्थान मोठे आहे. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पहिले मिशनरी १८२३ मध्ये बाणकोट येथे आले. पुढे हर्णै येथेही त्यांचे काम चालले; परंतु काही वर्षांतच या कार्याचे केंद्र घाटावर पुण्यास गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दापोलीस दुसऱ्या एका मिशनची शाळा सुप्रतिष्ठित झाली. तीच पुढे आल्फ्रेड गॅडने हायस्कूल या नावाने प्रसिद्धीस आली. महामहोपाध्याय पां. वा. काणे आणि साने गुरुजी हे दोघेही दापोलीच्या या मिशन शाळेचे विद्यार्थी. एकाने धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला, दुसऱ्याने मानवधर्माची शिकवण घरोघर नेली. दोघांपैकी कोणीही ख्रिस्ती झाला नाही. याउलट, ज्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला त्या टिळकांच्या निर्णयात दापोलीच्या शाळेचा किंवा बाणकोटच्या मिशनचा वाटा दिसत नाही. शुभवर्तमानाची माहिती असणे आणि ख्रिस्तावर विश्वास असणे या दोन गोष्टी किती भिन्न आहेत, हे या एका तालुक्याच्या इतिहासावरूनही ध्यानात येते.

प्रॉटेस्टंट ईश्वरविद्येने हा भेद पूर्वीच केला आहे. श्रद्धेची तीन अंगे तीत सांगितली जातात: ज्ञान, मान्यता आणि भरवसा. पहिली दोन अंगे आवश्यक असली, तरी श्रद्धेला श्रद्धापण येते ते तिसऱ्याने. नदीवर साकव आहे हे ठाऊक असणे हे ज्ञान; तो माणसाचा भार सोशील हे पटणे ही मान्यता; आणि त्यावर पाऊल टाकणे हा भरवसा. काठावर उभे राहून साकवाची कितीही प्रशंसा केली, तरी पैलतीर गाठता येत नाही.

या तिसऱ्या अंगासाठी मराठीत कोणता शब्द आहे, हा प्रश्न केवळ कोशकारांचा नाही. मराठी बायबलात 'विश्वास' हा शब्द रूढ झाला. गोव्याच्या कोकणी ख्रिस्ती परंपरेत 'भावार्थ' हा शब्द चालत आला. आणि शिष्ट मराठीत 'श्रद्धा' या शब्दाचा पाठपुरावा अधिक झाला. 'श्रद्धा' या संस्कृत शब्दात 'धा' म्हणजे ठेवणे हा धातू आहे. लॅटिनमधील 'क्रेदो' हा शब्द त्याचाच सगोत्र. 'विश्वास' हा शब्द 'श्वस्' म्हणजे श्वास घेणे या धातूपासून आला असून, निर्भयपणे, निश्चिंतपणे श्वास घेणे हा त्याचा मूळ भाव. म्हणजे दोन्ही शब्दांच्या मुळाशी क्रिया आहे. परंतु प्रचारात 'श्रद्धा' ही 'असते', 'जडते', 'बसते'. 'विश्वास' मात्र 'ठेवावा' लागतो, 'टाकावा' लागतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीक संहितेत 'विश्वास' हे नाम एकदाही आलेले नाही. तेथे सर्वत्र क्रियापदच आहे, आणि पुष्कळदा त्याच्यापुढे 'च्या आत', 'च्याकडे' अशा गतिवाचक अर्थाचे अव्यय येते. मराठी भाषांतरकारांनी 'विश्वास ठेवणे' हा प्रयोग पत्करला, तेव्हा त्यांनी मूळ अर्थाचा महत्त्वाचा अंश सुरक्षित राखला, असे म्हणता येते.

शुभवर्तमानांतील कथाही हेच सांगतात. पक्षाघात झालेल्या मनुष्याला चौघांनी उचलून आणले. दारात गर्दी होती, म्हणून छप्पर उघडून त्यांनी त्याला खाली सोडले. लूकने तर कौलांचा उल्लेख केला आहे. येशूने त्यांचा विश्वास 'पाहिला' असे शुभवर्तमानकार लिहितात. वस्तुतः तेथे दिसण्याजोगे काय होते? कोणाच्या मुखातून मतप्रतिपादन झालेले नव्हते; उसकटलेले छप्पर तेवढे होते. विश्वास हा डोळ्यांना दिसतो तो कृतीच्या रूपाने. रोम्यांस पाठविलेल्या पत्रात पौलाने कर्मावाचून विश्वासाने नीतिमान ठरण्याचे तत्त्व मांडले, आणि याकोबाच्या पत्रात कर्मावाचून विश्वास निर्जीव ठरविला. मार्टिन लूथरला या दुसऱ्या पत्राचा पूर्ण स्वीकार करणे जड गेले, हे प्रसिद्धच आहे. परंतु विश्वास म्हणजे मत नसून भरवसा, हे ध्यानी घेतले की या दोन प्रतिपादनांतील विरोध बराच मावळतो. कृती हे भरवशाचे मोल नव्हे. ते त्याचे दृश्य रूप होय.

टिळकांच्या ख्रिस्तस्वीकाराचा मार्ग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका अपरिचित युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि तो वाचण्याविषयी त्यांच्याकडून वचन घेतले. टिळकांना आधी त्यात रस वाटला नाही. मात्र मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते येऊन थबकले. या प्रवचनाचा शेवट दोन घरे बांधणाऱ्यांच्या दृष्टान्ताने होतो. खडकावर बांधणारा आणि वाळूवर बांधणारा हे दोघेही श्रोतेच; भेद आहे तो ऐकून आचरण्यात आणि ऐकून सोडून देण्यात. त्र्यैक्य, प्रायश्चित्त इत्यादी सिद्धान्तांच्या वाटेने न येता टिळक या प्रवचनाच्या वाटेने आले, आणि त्यामुळे 'हे खरे आहे काय?' या प्रश्नाला 'या पुरुषाच्या मागे जावे काय?' हे रूप आले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्यांच्या आधीच्या पिढीशी तुलना केली असता हा फरक स्पष्ट होतो. १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेल्या बाबा पदमनजींच्या 'अरुणोदय' (१८८८) या आत्मचरित्रात ग्रंथवाचन, वादविवाद आणि परंपरागत मतांचे परीक्षण यांना मोठे स्थान आहे. तेथे ज्ञान आणि मान्यता ही अंगे बलवत्तर आहेत. पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहूनही उद्बोधक आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. परंतु आपल्याला त्या वेळी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, अशा आशयाची कबुली त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात दिली. केडगाव येथे दुष्काळपीडित मुली आणि विधवा यांच्यासाठी त्यांनी उभारलेले मुक्तिसदन हे त्या नंतरच्या भरवशाचे फळ होय. पदमनजींचा, रमाबाईंचा आणि टिळकांचा असे तीन मार्ग झाले. पण तिघांच्याही बाबतीत मतापासून भरवशापर्यंतचे अंतर कोठेतरी ओलांडावे लागलेच.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. विश्वास म्हणजे व्यक्तीवर टाकलेला भार असेल, तर टिळकांना तुकारामाची भाषा परकी वाटण्याचे कारणच नव्हते. तुकोबाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत. ख्रिस्ताला त्यांनी गुरू म्हटले, माउली म्हटले. संतांच्या 'भाव' या शब्दात शरणागती, सलगी आणि निर्धार ही तिन्ही अंगे सामावलेली आहेत. ख्रिस्ती विश्वास क्रियाशील आणि वारकरी भाव निष्क्रिय, असा भेद कोणी करील तर तो सर्वथा चुकीचा ठरेल. वर्षानुवर्षे पायी चालत पंढरीस जाणाऱ्याच्या भावाला निष्क्रिय म्हणणे हे अज्ञानाचे लक्षण होय. भेद आहे तो दुसरीकडे. टिळकांचा भरवसा ज्याच्यावर आहे, तो एका विशिष्ट काळी, विशिष्ट देशी वावरलेला, शिकवण देणारा आणि वधस्तंभावर मेलेला पुरुष आहे. त्याच्या चरित्राने भक्ताच्या आचाराला एक निश्चित आकार येतो: शत्रूला क्षमा करणे, तिरस्कृताच्या पंक्तीस बसणे, उद्याची चिंता सोडणे.

यातूनच टिळकांच्या ख्रिस्ती कवितेच्या मूल्यमापनाची कसोटी हाती येते. त्यांच्या अभंगांत जेथे गॅलिलीचा हा पुरुष डोळ्यांपुढे उभा राहतो, त्याची आज्ञा ऐकू येते आणि कवीला ती पाळणे अवघड जाते, तेथे अभंगाचे जुने रूप नव्या ताणाने सजीव होते. जेथे केवळ चरण, कृपा, माउली या परिचित शब्दांची आवृत्ती होते, तेथे ख्रिस्ताच्या जागी अन्य कोणतेही नाव घातले तरी अर्थास बाध येत नाही. पहिल्या पक्षाचा आक्षेप या दुसऱ्या प्रकारच्या रचनांना निःसंशय लागू पडतो, आणि अशा रचना थोड्या नाहीत. ख्रिस्ताचे चरित्र सांगण्यासाठी 'ख्रिस्तायन' या महाकाव्याची उभारणी त्यांनी आरंभिली, त्यामागे ही उणीव भरून काढण्याची अंतःप्रेरणा असावी. ते काव्य त्यांच्या हातून पुरे झाले नाही. त्याचा बहुतेक भाग लक्ष्मीबाईंनी रचला.

लक्ष्मीबाईंचा उल्लेख येथे केवळ सहकवयित्री म्हणून करून भागणार नाही. क्रियाशील विश्वासाची जी बाजू टिळकांच्या काव्यात येत नाही, ती त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात आहे. एकाने पाऊल टाकले की त्याच्याशी बांधलेल्या दुसऱ्याचेही पाऊल ओढले जाते. १८९५ च्या बाप्तिस्म्याची किंमत लक्ष्मीबाईंनी कित्येक वर्षांच्या विरहाने, लोकनिंदेने आणि परावलंबनाने मोजली. पतीचा ख्रिस्तावरील भरवसा हा पत्नीच्या दृष्टीने प्रथमतः विश्वासभंगच होता. हे कटू सत्य 'स्मृतिचित्रे' लपवीत नाही, आणि त्याचे प्रवचनही करीत नाही. आपल्या स्वाभाविक विनोदाने ते हलके करून सांगते, आणि म्हणूनच ते अधिक बोचते.

पुढे लक्ष्मीबाईंचे जे मनःपरिवर्तन झाले, त्याचा क्रम विशेष लक्षणीय आहे. पतीबरोबर राहू लागल्यावरही त्यांनी आपले सोवळे आणि स्वतंत्र स्वयंपाक सांभाळला होता. त्यांचा पहिला निर्णय धर्मसिद्धान्ताविषयी नव्हता, तो अन्नपाण्याविषयी होता. जातिभेद हा देवाने केलेला नसून माणसांनी केलेला आहे, असे मनाने घेतले आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या सिद्ध झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये झाला. ज्या स्त्रीचे सारे आयुष्य चूल आणि पाण्याचा हंडा यांच्या शुद्धीभोवती फिरत होते, तिने परक्या हातचे पाणी पिणे ही कृती एखाद्या मतपत्रिकेवरील सहीपेक्षा शतपटींनी मोठी होती. चौघांनी उघडलेल्या छपराशी या पाण्याच्या घोटाचे नाते आहे.

टिळकांच्या अखेरच्या पर्वालाही हीच कसोटी लावावी लागते. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तानुयायांना त्यात स्थान होते. चर्चच्या शिस्तीच्या दृष्टीने ही भूमिका वादग्रस्त होती, आणि तो वाद निराधार नव्हता: भरवसा व्यक्तिगत असला तरी तो टिकवून धरण्यास मंडळी लागते, संस्कार लागतात, शिक्षण लागते. पण टिळकांच्या विचारातील सुसंगती नाकारता येणार नाही. विश्वास म्हणजे ख्रिस्ताच्या मागे चालणे असेल, तर चालणाऱ्याला नोंदवहीत नाव नाही म्हणून परके कसे म्हणावे, हा त्यांचा प्रश्न होता. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाल्याने या प्रयोगाची पूर्ण परीक्षा होऊ शकली नाही. तथापि मिळकत सोडून स्वतः त्या भरवशावर उभे राहिल्यामुळे त्यांच्या शब्दांना केवळ उपदेशाचे रूप राहिले नाही.

यावरून असे म्हणता येईल की, टिळकांच्या ख्रिस्ती कवितेचे वैशिष्ट्य नव्या सिद्धान्तात नाही, तसेच ते जुन्या भक्तीच्या नामांतरातही नाही. 'विश्वास' या शब्दातील क्रियापद तिने मराठीत जागे केले, हे तिचे वैशिष्ट्य. ते क्रियापद ज्या रचनांत पुन्हा नाम होऊन बसते, त्या रचना निस्तेज आहेत. टिळकांच्या अभंगांचा अभ्यास त्यामुळे एकट्याने करता येत नाही. त्यांच्याशेजारी 'स्मृतिचित्रे' ठेवावी लागते. भरवसा टाकणाऱ्याचा आनंद एका ग्रंथात आहे, त्या भरवशाचे मोल दुसऱ्यात. आणि जेथे त्या आनंदाला त्या मोलाची जाणीव नाही, तेथे कवितेविषयी संशय घेण्याचा वाचकाचा अधिकार अबाधित आहे.