आदिपाप : वाक्यार्थ आणि प्रकरणार्थ

फादर थॉमस स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'तील आदामाच्या पतनाचा भाग गोंदियाच्या पदव्युत्तर वर्गात वाचीत असता एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न प्रस्तुत टिपणास कारण झाला आहे. फळ आदामाने खाल्ले. त्याचा दोष आज जन्मलेल्या अर्भकास का लागावा? प्रश्न जुनाच आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजिअसच्या पक्षाने ऑगस्टिनविरुद्ध तो मांडला होता. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने त्या पक्षाच्या मतांचा निषेध केला, तरी प्रश्न मिटला नाही.

मराठी वाचकापुढे एक अधिकची अडचण असते. 'जन्मपाप' हा शब्द कानी पडताच त्याला पूर्वजन्मीचे संचित आठवते. कर्मसिद्धान्तात फळ कर्त्यालाच मिळते, जन्म बदलला तरी. येथे मात्र कर्ता एक आणि भोक्ता दुसरा. त्यामुळे हा सिद्धान्त त्याला एक तर ओळखीचा वाटतो, नाही तर अन्यायाचा. म्हणून येथे 'आदिपाप' हा शब्द पत्करला आहे.

या वादात दोन्ही पक्षांनी सुटी वचने पुराव्यादाखल पुढे केली आहेत. एकाचा आधार एक्कावन्नावे स्तोत्र व रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय. दुसऱ्याचा यहेज्केलाचा अठरावा अध्याय. ग्रंथतात्पर्य ठरविण्यासाठी मीमांसकांनी सांगितलेली उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद, उपपत्ती ही लिंगे लोकमान्यांनी 'गीतारहस्या'त (१९१५) गीतेला लावली. ती बायबलला लावू नयेत असे कारण दिसत नाही.

स्तोत्राचा निकाल लवकर लागतो. त्याच्या शीर्षकानुसार ते बथशेबा प्रकरणानंतर, नाथान संदेष्ट्याने कानउघाडणी केल्यावर दाविदाने केलेले आक्रंदन आहे. आपण आईच्या उदरात असल्यापासून पापी आहोत असे तो म्हणतो, तेव्हा तो आपला पश्चात्ताप बोलतो, भ्रूणाचे तत्त्वज्ञान सांगत नाही. तुकोबांनी स्वतःला पतित म्हटले म्हणून त्यावरून कोणी मनुष्यस्वभावाचा सिद्धान्त बांधीत नाही. यहेज्केलाच्या वचनाचीही गत तीच. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि दात पोरांचे आंबले, ही बाबेलच्या बंदिवासातील लोकांच्या तोंडची म्हण त्या अध्यायाचा उपक्रम आहे. स्वतःची जबाबदारी पूर्वजांवर ढकलणाऱ्या पिढीला तेथे उत्तर दिले आहे. आदामाचे त्यात नावही नाही.

खरा पेच पौलाच्या पत्रात आहे. पाचव्या अध्यायाच्या बाराव्या वचनातील 'एफ हो' या ग्रीक शब्दांचा लॅटिन अनुवाद 'इन क्वो' असा झाला आणि ऑगस्टिनने त्याचा अर्थ 'ज्याच्या ठायी', म्हणजे आदामाच्या ठायी सर्वांनी पाप केले, असा घेतला. ट्रेंटच्या धर्मसभेने १५४६ मध्ये आदिपापाचा निर्णय दिला तो हाच लॅटिन पाठ उद्धृत करून. मूळ ग्रीकचा सरळ अर्थ मात्र कारणवाचक, म्हणजे 'सर्वांनी पाप केल्यामुळे' असा होतो. प्रचलित मराठी भाषांतर तोच अर्थ देते. रोमने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुधारित लॅटिन बायबलनेही तोच स्वीकारला.

एवढ्यावरून आदिपाप हा केवळ भाषांतराचा प्रमाद होता असे म्हणणारे अभ्यासक आहेत. मला ही घाई वाटते. प्रकरण पाहा. बाराव्या वचनात 'ज्याप्रमाणे' म्हणून सुरू केलेले वाक्य पौल अर्धवट सोडतो आणि ते अठराव्या वचनात पुरे करतो. मधल्या वचनांत 'त्याहून कितीतरी अधिक' हा अभ्यास आहे आणि फल आहे कृपा. आदाम येथे ख्रिस्ताचे प्रतिरूप म्हणून येतो, आरोपी म्हणून नव्हे. परंतु एकाच्या आज्ञाभंगाने अनेक जण पापी ठरले, हे एकोणिसाव्या वचनातील विधान 'एफ हो'चा अर्थ कसाही लावला तरी उभेच राहते. ढासळते ती वारसाहक्काने मिळालेल्या अपराधाची कल्पना. सर्वांना वेढून असलेल्या दुःस्थितीची कल्पना ढासळत नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथानेही हे पाप केलेले नसून जडलेले आहे, म्हणून त्याला 'पाप' हा शब्द केवळ सादृश्याने लावायचा, असे म्हटले आहे.

स्टीफन्स ट्रेंटनंतरचा जेझुइट; त्याच्यापुढे लॅटिन पाठच होता. तरीही १६१६ साली रायतूरला छापलेल्या त्याच्या ग्रंथाची बांधणी मला लक्षणीय वाटते. सुमारे अकरा हजार ओव्या, पैल्या पुराणाचे छत्तीस अध्याय आणि दुसऱ्याचे एकोणसाठ. आदामाची कथा ऐकणाऱ्यास ख्रिस्तापर्यंत चालत जावे लागते. सुटे वचन उचलून निघून जाण्याची सोय कथेत नाही. अर्थात जुन्या पोथ्या ज्यांना वर्ज्य झाल्या होत्या अशा नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी हे पुराण रचले गेले, हेही त्याचे प्रकरणच होय आणि ते विसरून त्याचे कौतुक करू नये.

विद्यार्थ्याला मी योहानाच्या नवव्या अध्यायाकडे नेले. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रश्न अगदी आपल्या घरातला वाटावा असा. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. त्यावर विद्यार्थी म्हणाला, "मग सर, अर्भकाला बाप्तिस्मा तरी कशासाठी?" हा प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा होता, कारण ऑगस्टिनची उपपत्ती एका वचनावर उभी नव्हती. अर्भकांना पापक्षमेचा बाप्तिस्मा देण्याची चाल त्याच्या काळी रूढ होती. ज्याअर्थी तो देतात त्याअर्थी क्षम्य असे काही अर्भकातही असले पाहिजे, असा त्याचा तर्क होता. आचार आधीचा आणि वचनाचा अर्थ त्याच्या मागोमाग आलेला. पौलाच्या प्रकरणाइतकेच ऑगस्टिनचे हे प्रकरणही तपासावयास हवे, आणि पुढील सत्रात वर्गाने तेच वाचावे असे ठरले आहे.