झिको, नाहीतर ऑस्ट्रिया!

मराठी समीक्षेला कशाचेही वावडे नाही. कादंबरीची समीक्षा झाली, लावणीची झाली, पुणेरी पाट्यांची झाली. लग्नपत्रिकेच्या तळाशी 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' अशी जी ओळ असते, तिच्यातल्या निरागसतेवरही कुणीतरी कुठेतरी लिहून गेले असेल. पण फुटबॉलमधला लाडका खेळाडू परदेशी निघाला म्हणजे त्याचे चाहते जे वाङ्मय निर्माण करतात, म्हणजे घोषणा, फलक, शिव्याशाप, गाणी आणि हिशेब, त्याची दखल घ्यायला अजून कुणी प्राध्यापक पुढे आलेला नाही. तेव्हा हे काम माझ्यासारख्या बिनपगारी माणसाने अंगावर घेणे भाग आहे.

माझ्या मते या वाङ्मयातली सर्वश्रेष्ठ कृती १९८३ च्या उन्हाळ्यात इटलीतल्या उदिने या गावी जन्माला आली. 'झिको, नाहीतर ऑस्ट्रिया!' बस्स, एवढीच. मूळ इटालियनमध्ये चार शब्द आहेत आणि त्यांतले दोन तर नुसते 'ओ' आणि 'ओ'. मराठीत आणताना मला तीनच पुरले. एरवी भाषांतरात मजकूर फुगतो. इथे तो आटला, यावरूनच मूळ कृतीचा कस कळावा.

आता हे प्रकरण मुळात काय, ते सांगायला हवे. झिको हा ब्राझीलचा मधल्या फळीतला खेळाडू. मधली फळी म्हणजे एकत्र कुटुंबातला मधला भाऊ. थोरल्याला मान, धाकट्याला लाड आणि मधल्याला काम! मागच्यांनी अडवलेला चेंडू घ्यायचा आणि पुढच्यांच्या पायाशी नेऊन द्यायचा. पण झिको हा मधला भाऊ असा, की पुढच्यांचे कामही तोच करून टाकी. रिओच्या फ्लामेंगो क्लबासाठी त्याने पाचशेहून अधिक गोल केले. १९८१ साली टोकियोत फ्लामेंगोने युरोपच्या विजेत्या लिव्हरपूलला ३-० असे लोळवले, तेव्हाही संघाचा सूत्रधार तोच होता.

आणि १९८३ साली या माणसाला विकत घेतले ते कुणी? मिलानने नाही, तुरीनने नाही, रोमनेही नाही. घेतले उदिनेने! इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातले लाखभर वस्तीचे गाव. क्लबाचे अध्यक्ष लाम्बेर्तो मात्सा हे झानुसी या कपडे धुण्याची यंत्रे आणि फ्रीज बनवणाऱ्या कंपनीचेही प्रमुख. सौदा सुमारे सहा अब्ज लिराचा. लिरा म्हटल्यावर शून्यांना घाबरायचे कारण नव्हते. पण सहावर नऊ शून्ये पाहिल्यावर इटलीच्या फुटबॉल फेडरेशनला घाम फुटला. व्यवहार ज्या पद्धतीने जुळवला होता ती पद्धत त्यांना पसंत पडली नाही. त्यांनी फाइल अडवली. फाइल अडवणे ही कला फक्त आपल्याच सचिवालयात अवगत आहे असा ज्यांचा समज असेल, त्यांनी तो सोडून द्यावा.

तेव्हा उदिनेचे लोक रस्त्यावर आले आणि त्यांनी ती अजरामर घोषणा फडकवली.

हिची थोरवी कळायला थोडा इतिहास लागतो. उदिने आणि भोवतालचा फ्रिउली प्रांत १८६६ पर्यंत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. म्हणजे घोषणेचा सरळ अर्थ असा : झिको द्या, नाहीतर आम्ही आपले परत जुन्या मालकाकडे जातो! सुनेने दारात ट्रंक आणून ठेवावी आणि 'मी माहेरी चालले' म्हणून जाहीर करावे, तसला हा प्रकार. पण गंमत पुढेच आहे. ऑस्ट्रिया हे उदिनेचे माहेर मुळीच नव्हते. पहिल्या महायुद्धात त्याच डोंगरांत त्यांचे आजोबा ऑस्ट्रियाशी लढले होते आणि १९१७ साली कापोरेत्तोच्या पराभवानंतर ऑस्ट्रियन आणि जर्मन फौजा उदिनेत येऊन बसल्या होत्या. तेव्हा ही धमकी माहेरी जाण्याची नसून सवतीकडे राहायला जाण्याची होती. अशी धमकी देणाऱ्यालाही ठाऊक असते की आपण जाणार नाही, आणि ऐकणाऱ्यालाही ठाऊक असते. तरी ऐकणारा घाबरतो! विनोदाची याहून मोठी ताकद मी तरी पाहिलेली नाही.

आपल्याकडे घोषणांची परंपरा थोर आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या 'झालाच पाहिजे'मध्ये तो 'च' काय तोलाचा होता, हे त्या पिढीला सांगायला नको. पण त्या घोषणेमागे माणसांनी प्राण दिले होते. तिच्याशी फुटबॉलची तुलना करणे बरे नव्हे. उदिनेच्या घोषणेत तसला 'च' नाही. तिच्यात 'नाहीतर' आहे. 'च' छातीवर गोळी झेलायला तयार असतो. 'नाहीतर' फक्त डोळा मिचकावतो.

आणि तरीही हा निव्वळ चावटपणा होता असे मी म्हणणार नाही. ६ मे १९७६ च्या रात्री फ्रिउलीत भूकंप झाला. हजाराच्या आसपास माणसे गेली, गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. लोकांनी दगड दगड वेचून घरे पुन्हा उभी केली. सात वर्षे तंबू, सिमेंट, अर्ज आणि नुकसानभरपाई असल्या शब्दांत काढलेल्या प्रांताला अचानक 'झिको' हा शब्द ऐकू आला. गरजेची वस्तू मागताना माणूस हात जोडतो. पण ज्याची काहीही गरज नाही अशी सुंदर वस्तू मागायची हिंमत येते, तेव्हा तो दुखण्यातून उठला असे समजावे. आजारी माणूस पेज मागतो. बरा होऊ लागला की म्हणतो, 'जरा श्रीखंड मिळालं तर बघा.' उदिनेने श्रीखंड मागितले होते. प्रकरण शेवटी इटलीच्या ऑलिंपिक समितीपर्यंत गेले आणि श्रीखंड मिळाले.

नाण्याची दुसरी बाजू रिओत होती. तिथल्या वाङ्मयाचा प्रकार वेगळा : विलापिका. मोराएस मोरेइरा नावाच्या नामवंत गायकाने झिकोच्या विरहावर चक्क एक गाणे रचले. रविवारची दुपार, माराकाना स्टेडियम, आणि झिको नाही, हा त्याचा विषय. आपल्याकडे गोकुळ सोडून मथुरेला गेलेल्या कृष्णावर एवढ्या गौळणी झाल्या, त्यांच्याच पंगतीला हे गाणे बसायला हरकत नाही. त्यातही एक काटा होता. १९८२ च्या विश्वचषकात ब्राझीलला ३-२ असे हरवून घरी पाठवले ते इटलीनेच. त्या सामन्यात इटलीच्या जेन्तीलेने झिकोचा शर्ट ओढून ओढून फाडला होता. म्हणजे आदल्या वर्षी शर्ट फाडला आणि दुसऱ्या वर्षी माणूसच नेला!

विलापिका आणि धमकी यांच्याखेरीज या वाङ्मयाचा तिसरा प्रकार म्हणजे शाप. हा सर्वांत लोकप्रिय आणि माझ्या मते सर्वांत सुमार. त्याचा सगळा शब्दसंग्रह एका शब्दात मावतो : 'गद्दार'.

आमच्या घरातच याचा एक उपासक आहे. माझा भाचा लिव्हरपूलचा भक्त. लिव्हरपूल सोडाच, त्याने अजून नागपूरही पाहिलेले नाही. पण बोलताना नेहमी 'आम्ही'. २०१८ च्या जानेवारीत लिव्हरपूलचा कुटिन्हो हा मधल्या फळीतला खेळाडू स्पेनच्या बार्सिलोनाला गेला, तेव्हा हा दिवसभर जेवला नाही.

'अरे, पण गेला तर गेला,' मी म्हणालो.

'मामा, तुम्हाला नाही कळायचं. आम्ही त्याला काय कमी केलं होतं?'

'तू काय केलं होतंस?'

'मी रात्री एक-एक वाजेपर्यंत जागायचो त्याच्यासाठी!'

यावर काय बोलणार? पुढे २०१९ च्या मे महिन्यात लिव्हरपूलने त्याच बार्सिलोनाला घरच्या मैदानावर ४-० असे उडवले, आणि कुटिन्हो नेमका समोरच्या संघात होता. त्या पहाटे भाच्याने मला उठवून सांगितले, 'मामा, शाप लागला!' शापवाङ्मयाला असा एखादा योगायोग मिळाला की त्याच्या पुढच्या दहा आवृत्त्या निघतात.

माझा आक्षेप दुःखाला नाही. दुःख खरे असते. माझा आक्षेप शब्दाला आहे. आपल्या सोसायटीतला मुलगा नोकरीसाठी अमेरिकेला निघाला म्हणजे आपण काय करतो? पेढे खातो. विमानतळावर आई डोळे पुसते, वडील सामानाचे वजन पुन्हा पुन्हा तपासतात. 'गद्दार' असा फलक घेऊन कुणी उभे राहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक या मुलाला साठाव्या वर्षापर्यंत नोकरी करायची असते. फुटबॉलवाल्याचे गुडघे पस्तिशीत पेन्शनीत निघतात. झिको इटलीला गेला तेव्हा तीस वर्षांचा होता. तीस वर्षांच्या माणसाने चार पैसे जास्त मिळतात म्हणून नोकरी बदलली, तर मध्यमवर्गात त्याला 'प्रगती' म्हणतात. मग खेळाडूनेच तेवढे आपल्या रविवारच्या दुपारीसाठी संन्यास का घ्यावा?

याचे उत्तर भाच्याच्या वाक्यात आहे. 'मी जागायचो.' चाहत्याने दिलेले असते ते जागरण, आणि जागरणाची पावती मिळत नाही. क्लबाला सहा अब्ज लिरा मिळतात, खेळाडूला पगार मिळतो, दलालाला दलाली मिळते. ज्याने सगळ्यात जास्त प्रेम केले त्याच्या सहीची कुठल्याच कागदावर गरज नसते. मुलीच्या लग्नात सगळ्यांना आहेर मिळावा आणि तिला अंगाखांद्यावर खेळवलेल्या शेजारच्या काकूंना कुणी निमंत्रणही देऊ नये, तशी ही गत. काकूंनी मग घरात बसून रडावे की नवऱ्या मुलाला शिव्या द्याव्यात? रिओच्या काकू रडल्या, पण गाण्यात रडल्या. म्हणून ते सगळ्यांचे झाले. शिव्या देणाऱ्या काकूंचे मात्र कुणाला पटत नाही, कारण दोष नवऱ्या मुलाचा नसतोच.

आणि नेमके इथेच उदिनेची घोषणा वरचढ ठरते. ती खेळाडूला काही म्हणत नाही. ती भांडते कचेरीशी. ज्यांच्या हातात कागद आहे त्यांना ती विचारते, 'आमची सही नाही, हे कबूल. पण आम्ही आहोत हे तरी तुमच्या लक्षात आहे का?' चाहत्याचे सगळे वाङ्मय शेवटी एवढाच प्रश्न विचारत असते. शाप तो विसरतो. घोषणेला तो नीट आठवतो.

राहिला चौथा प्रकार : हिशेब. तोही करून टाकू. पहिल्याच सामन्यात उदिनेने जेनोआला त्याच्या घरी ५-० असे हरवले आणि त्यात झिकोचे दोन गोल होते. त्या मोसमात त्याने लीगच्या चोवीस सामन्यांत एकोणीस गोल केले. युव्हेंटसच्या प्लाटिनीने वीस केले, पण त्याला अठ्ठावीस सामने लागले. सहा अब्जांना एकोणीसने भागले तर एका गोलाला साडेएकतीस कोटी लिरा पडतात. दुसऱ्या मोसमात दुखापतींनी घात केला, आणि १९८५ साली झिको फ्लामेंगोला परत गेला. उदिनेला करंडक मिळाला नाही. दरम्यान १९८४ साली झानुसीच स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने विकत घेतली. म्हणजे हिशेबाच्या वहीत सगळे नुकसानच.

पण जे गाव 'नाहीतर ऑस्ट्रिया' म्हणते, त्याला वही दाखवण्यात अर्थ नसतो. पन्नाशी-साठीतला कुठलाही उदिनेकर त्या मोसमाबद्दल बोलताना करंडकाचे नाव काढणार नाही, तो फ्री किकबद्दल बोलेल, अशी माझी खात्री आहे. पाटणकर काढा औषध म्हणून घेतात. श्रीखंड किती कॅलरींचे होते हे विचारायचे नसते.

आता तुम्ही म्हणाल, त्या उदिनेशी आणि रिओशी आपला काय संबंध? आहे. हाच झिको २०१४ साली गोव्यात आला. एफसी गोवा संघाचा प्रशिक्षक म्हणून तीन मोसम राहिला. पोर्तुगीज जाणणारी म्हातारी माणसे जिथे अजून भेटतात अशा प्रांतात त्याला भाषेची अडचण पडू नये, हाही एक योगच. २०१५ च्या डिसेंबरात मडगावच्या फातोर्डा मैदानावर अंतिम सामना झाला. सामना संपायला आला तेव्हा गोवा २-१ ने पुढे होता, आणि शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल खाऊन तो चेन्नईयिनकडून ३-२ ने हरला. करंडक इथेही नाहीच! पण झिको गोव्याला येऊन गेला, आणि तो गेल्यावर त्याला कुणी गद्दार म्हटले नाही. कोकणी माणूस पाहुण्याला निरोप देताना 'जातो' म्हणू देत नाही, 'येतो' म्हणायला लावतो. निरोपाच्या वाङ्मयात याहून शहाणा शब्द नाही. जगभरच्या चाहत्यांनी तो तोंडपाठ करावा, अशी माझी शिफारस आहे.

नाहीतर ऑस्ट्रिया आहेच!