शॉन बीनचे दोन मृत्यू

शॉन बीन पडद्यावर आला की तो शेवटपर्यंत जगणार नाही, ही प्रेक्षकांची नेहमीची थट्टा झाली आहे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या २००१ सालच्या पहिल्या चित्रपटात तो बोरोमीर म्हणून मेला, ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या २०११ सालच्या पहिल्या पर्वात नेड स्टार्क म्हणून. या थट्टेखाली एका मोठ्या नटाचे काम झाकले गेले आहे. फँटसीत किल्ले, ड्रॅगन, जादू सारे उभे करता येते. भीती मात्र तशी उभी करता येत नाही. समोरचा माणूस आपल्याला खरोखर गमवावा लागेल असे वाटले, तरच ती येते. तसे वाटायला लावणारा नट शोधणे हे या प्रकारातल्या पात्रनिवडीचे सर्वांत अवघड काम आहे.

टोल्किनच्या पुस्तकात बोरोमीरची अखेरची झुंज वाचकाला दिसतच नाही. दुसऱ्या खंडाच्या आरंभी त्याचा सोबती ॲरागॉर्न पोचतो, तेव्हा बोरोमीर बाणांनी विंधलेला, झाडाला टेकून बसलेला असतो. दिग्दर्शक पीटर जॅक्सनने हा प्रसंग पहिल्या चित्रपटाच्या शेवटी आणला आणि ती झुंज पूर्ण दाखवली. कागदावर हा बदल सोपा होता, पडद्यावर तो पेलला बीनने. बाण लागतो, गुडघे टेकतात, श्वास अडकतो, आणि तो पुन्हा उठून तलवार चालवतो. थोड्याच वेळापूर्वी याच माणसाने अंगठी वाहून नेणाऱ्या आपल्या सोबत्याकडून, फ्रोडोकडून, ती हिसकावू पाहिली होती. त्याची सगळी शरम त्या उठण्यात आहे. अंगठीचे काय करायचे हे ठरवणाऱ्या रिव्हेंडेलच्या सभेतले त्याचे बोलणेही पाहावे. संवाद ऐनवेळी बदलल्यामुळे कागद गुडघ्यावर ठेवून बीनने ते म्हटले, असे जॅक्सनने सांगितले आहे. मधूनच खाली जाणारी ती नजर पडद्यावर मात्र शत्रूच्या मॉर्डोर प्रदेशाच्या धास्तीने झुकल्यासारखी वाटते.

नेड स्टार्कसाठी त्याला घेणे हे तर मूळ कादंबरीपासून सरळ दूर जाणे होते. कादंबरीकार मार्टिनचा नेड पस्तिशीचा आहे, बीनने पन्नाशी ओलांडली होती. पण त्या वयाबरोबर थकवा आला, जबाबदारीचे ओझे आले. बीन शेफील्डचा, तरुणपणी वेल्डिंग शिकलेला. त्याच्या बोलण्यातला यॉर्कशायरचा हेल मालिकेतल्या साऱ्या उत्तरेची ओळख बनला. जाहिरातीत लोखंडी सिंहासनावर तोच बसलेला होता. कादंबरी न वाचलेल्या प्रेक्षकाने त्याला नायक मानले, यात त्याची काही चूक नव्हती.

यावर आक्षेप असा की अशा निवडीने नट एका साच्यात अडकतो. तो अडकलाच. पात्र मरणार म्हणून आपण काही भूमिका नाकारल्या, असे बीननेच पुढे सांगितले. पण हा दोष त्याच्या मरणाची नक्कल मागणाऱ्या निर्मात्यांचा आहे. बोरोमीर आणि नेड यांना आधी भरपूर जगायला मिळाले होते. दुसरा आक्षेप नवख्या चेहऱ्यांच्या बाजूचा आहे: त्यांच्यामागे जुन्या भूमिकांची आठवण नसते, म्हणून कल्पित जग अधिक खरे वाटते. स्टार्कांच्या मुलींच्या बाबतीत हे खरेच आहे. मात्र त्या पोरक्या होतात तेव्हा प्रेक्षकही पोरका होतो, आणि त्यासाठी बाप ओळखीचाच लागतो.

राहिला तिसरा आक्षेप, की शेवट ठाऊक असला की धक्का उरत नाही. नवव्या भागातला नेडच्या शिरच्छेदाचा प्रसंग पुन्हा पाहावा. कादंबरीत तो नेडची धाकटी मुलगी आर्या हिच्या नजरेतून येतो. मालिकेने नेडचा चेहराही जवळून दाखवला. गर्दीत बेलॉर राजाच्या पुतळ्यापाशी आर्या बसलेली त्याला दिसते. गर्दीतल्या ओळखीच्या योरेनच्या जवळून जाताना तो फक्त त्या पुतळ्याचे नाव उच्चारतो. मग न केलेल्या गुन्ह्याची कबुली देतो. शिक्षा सुनावली जाते, आरडाओरड होते, आणि तो पुन्हा पुतळ्याकडे पाहतो. तिथे कोणी नसते. मग तो मान खाली घालतो.