शुक्रनीतींतील लघुनालिक व तिसगांवची बंदूक

पूर्वींच्या अहमदनगर व आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत पाथर्डी तालुक्यांतील तिसगांव येथें एका जुन्या घरीं खुंटीवर टांगलेली ठासणीची बंदूक गेल्या हिंवाळ्यांत आमच्या पाहण्यांत आली. घरधनी आमचे जुने विद्यार्थी. त्यांनीं सहज विचारलें, “गुरुजी, बंदुकीचें वर्णन शुक्रनीतींत आहे असें आपणच वर्गांत सांगत होतां, मग ही किती जुनी म्हणावी?” प्रश्न सरळ होता, परंतु त्याचें उत्तर शोधतां शोधतां आमचेंच पूर्वमत आम्हांस सोडावें लागलें. जुन्या वस्तु व पोथ्या संग्रहीं ठेवणाऱ्या वाचकांस उपयोगी पडेल म्हणून तो विचार येथें मांडतों.

गुस्टाव्ह ओपर्ट यांनीं १८८० सालीं मद्रास येथें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत शुक्रनीति व नीतिप्रकाशिका यांच्या आधारें असें प्रतिपादिलें कीं, बंदूक व तिची दारू हीं भारतवर्षांत अति प्राचीन काळापासून ज्ञात होतीं. हें मत आपल्याकडे फार प्रिय झालें, व आम्हींहि तें तीस वर्षें शिकविलें. ज्या उताऱ्यावर त्याची मुख्य भिस्त, त्यांत लघुनालिकाचीं अंगें अशीं सांगितलीं आहेत : नळी पांच वितस्ति लांब, आंतील पोकळी मधल्या बोटाएवढी, मुळाशीं व अग्राशीं नेम धरण्याचे तिलबिंदु, मुळाशीं छिद्र, त्यापाशीं दगड व चूर्ण धारण करणारा ‘कर्ण’ आणि यंत्राच्या आघातानें उत्पन्न होणारा अग्नि, धरावयास लांकूड व ठासण्यास शलाका. अग्निचूर्णास सोरा पांच पल, गंधक एक पल व कोळसा एक पल असें प्रमाण दिलें आहे. म्हणजे शंभर भागांत सोरा सुमारें ७१ भाग. युरोपांत पुढें रूढ झालेल्या दारूंत तो ७५ भाग असतो. अंतर थोडें आहे.

आतां तिसगांवची बंदूक पाहूं. तिची नळी आम्हीं मोजली ती ४३ इंच भरली. पांच वितस्ति म्हणजे साठ अंगुलें, अजमासें ४५ इंच. येथवर वस्तूचा व ग्रंथाचा मेळ बसतो. परंतु हिच्या कानापाशीं गारगोटी धरण्याची सोय मुळींच नाहीं. चाप ओढतांच खालीं झुकणाऱ्या चिमट्यांत जळता तोडा धरावयाचा व तो रंजकावर टेकवावयाचा, अशी ही तोड्याची बंदूक आहे. म्हणजे प्राचीन म्हणून गाजलेल्या ग्रंथांतील बंदूक खुंटीवरच्या बंदुकीहून पुढच्या तऱ्हेची ठरते!

उताऱ्यांत बंदूक भरण्याची कृतीहि आहे. तिची परीक्षा व्हावी म्हणून, पिकाच्या राखणीसाठीं परवाना असलेल्या एका शेतकऱ्यानें रानडुकरें हाकलण्यास आपली टोपीची ठासणीची बंदूक उडविली तेव्हां आम्ही जवळ उभे राहिलों. त्यानें आधीं नळी पुसली, मापाची दारू ओतली, ती गजानें घट्ट ठासली, मग गोळी सोडली, आणि शेवटीं घोड्याखालीं टोपी बसविली. शुक्रनीतींतील क्रम तंतोतंत हाच आहे. भेद एवढाच कीं, टोपीच्या जागीं तेथें कर्णांत चूर्ण घालण्यास सांगितलें आहे. हें लिहिणाऱ्यानें बंदूक भरतांना प्रत्यक्ष पाहिली होती, याविषयीं आम्हांस शंका उरली नाहीं. परंतु वर्णन जितकें खरें, तितकी त्याची प्राचीनता दुर्बल होते. कारण चकमकीच्या बंदुकीचें पक्कें रूप फ्रान्समध्यें सतराव्या शतकाच्या आरंभीं सिद्ध झालें. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिणारा अबुल फज्लहि तोड्यावांचून उडणारी बंदूक ही अकबराच्या कारखान्यांतील नवी सुधारणा म्हणून सांगतो. लल्लनजी गोपाल यांनीं तर १९६२ सालीं सबंध शुक्रनीतीच एकोणिसाव्या शतकांतील ठरविली.

कोणी म्हणतील, उतारा प्रक्षिप्त असेल, ग्रंथ जुनाच आहे. असें मानल्यास ग्रंथ वांचतो. बंदुकीचा पुरावा वांचत नाहीं. ओपर्ट यांचा दोष संस्कृत न समजण्याचा नव्हे. त्यांनीं शब्द पाहिले, परंतु दगड व आघात या शब्दांनीं कोणतें यंत्र सांगितलें जातें व तें केव्हां निर्माण झालें, हें पाहिलें नाहीं. तोच दोष आमचाहि.

उलट बाजूनेंहि घाई नको. तोडा आहे म्हणून ही बंदूक निजामशाही ठरत नाहीं. तोड्याच्या बंदुका आपल्याकडे एकोणिसाव्या शतकांतहि वापरांत होत्या. हिच्या नळीवर शक नाहीं, लेख नाहीं, कारागिराचें नांव नाहीं. घरच्या सांगण्याखेरीज आधार नाहीं. तिचा काळ आम्ही सांगत नाहीं.

संग्राहकांस एक सूचना. नळींत गज सोडून खूण करावी व तीच लांबी बाहेरून कानापर्यंत ताडून पाहावी. तिसगांवीं गज चार बोटें कमी उतरला. आंत जुना बार तसाच होता, आणि घरांतील मुलें ती बंदूक खेळावयास घेत असत! जाणत्या कारागिराकडून बार काढविला, तेव्हां मुळाशीं नळीस मोठी भेग आढळली. ती उडवून पाहण्याची हौस घरच्या तरुणांस होती. ती पुरविली असती तर काय झालें असतें हें सांगावयास नकोच. दुरुस्तीनेंहि न उडणाऱ्या पुराण्या शस्त्रास १९५९ च्या शस्त्र कायद्यांत सूट आहे. उडण्याजोग्यास परवाना लागतो, हेंहि ध्यानांत ठेवावें.

घरधन्यांस आम्हीं स्पष्ट सांगितलें कीं, वर्गांत शिकविलें तें चुकलें. आमचे इतर विद्यार्थी आतां कोठें कोठें आहेत हें आम्हांस ठाऊक नाहीं. म्हणून ही दुरुस्ती येथें छापून ठेवीत आहों.