पुरस्काराच्या पलीकडचा ‘इंडस क्रीड’

मुंबईच्या ‘रॉक मशीन’ने १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलं. त्यांच्या ‘प्रिटी चाइल्ड’ला एमटीव्हीचा आशियातला प्रेक्षकपसंती पुरस्कार मिळाला आणि बँडची ओळख आजही त्याच पुरस्काराने करून दिली जाते. मला ते खटकतं. प्रेक्षकांची मतं पहिल्याच ऐकण्यात आवडणाऱ्या गाण्याला पडतात; ‘प्रिटी चाइल्ड’ तसं आहे, गोड आहे. पण १९९७ मध्ये थांबलेला हा बँड २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ घेऊन आला, तो जास्त गडद होऊन. उदय बेनेगल तिथे कुणाची मर्जी राखत गात नाहीत. महेश टिनाईकरांची गिटार तर दुसऱ्या-तिसऱ्या ऐकण्यातच उलगडते. (मला चौथं लागलं.) खामगावहून पुण्याला निघालेल्या रात्रीच्या बसमध्ये मी अजून ‘फायरफ्लाइज’च लावतो.