हागिया सोफिया आणि आपली लेणी

इस्तंबूलची हागिया सोफिया १० जुलै २०२० रोजी पुन्हा मशीद ठरली, तेव्हा आपल्याकडेही पुष्कळ हळहळ झाली. ५३७ साली उभे राहिलेले चर्च, १४५३ पासून मशीद, १९३५ पासून संग्रहालय आणि आता परत मशीद! जेत्याने जितांचे श्रद्धास्थान बळकावले, असा निवाडा झटपट दिला गेला. निवाडा चूक नाही. पण तो देणाऱ्याची नजर बॉस्फरसवर असते, जुन्नरवर नसते.

लेण्याद्रीचे सातवे लेणे हा बौद्ध विहार आहे. एकाही खांबाविना कोरलेले प्रशस्त दालन, भोवती भिक्षूंच्या खोल्या. मागील बाजूस आज गिरिजात्मज गणपती आहे आणि पुण्याहून अष्टविनायकाला निघालेली प्रत्येक गाडी तेथे थांबते. पार्वतीने येथे तप केले, असे दंतकथा सांगते. त्या कथेत भिक्षूला जागाच नाही. हागिया सोफियात भिंतीवरची मेरी नमाजाच्या वेळी पडद्याआड जाते. पडदा निदान डोळ्यांना दिसतो, मागे काहीतरी आहे हे कबूल करतो. आपल्याकडे पडद्याचे काम दंतकथेने केले, आणि ती कोणाला पडदा वाटतही नाही.

मग मूर्ती हलवा म्हणता काय? मुळीच नाही. कार्ल्याच्या चैत्यासमोर एकवीरेचे देऊळ आहे. त्या पायऱ्या चढणारे आगरी-कोळी काही जेते नव्हेत. १९९१ च्या कायद्याने प्रार्थनास्थळांचे १५ ऑगस्ट १९४७ चे स्वरूप कायम केले, परंतु प्राचीन स्मारके त्यातून वगळली. ती फट कज्जेदलालांना लखलाभ असो.

बाबासाहेबांचा मार्ग वेगळा होता. पुण्यातल्या पर्वतीवर १९२९ साली प्रवेश मागणाऱ्या अस्पृश्य सत्याग्रहींनी दगड खाल्ले. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला नव्या विहारात बुद्धमूर्ती बसवली. पंढरपूरचा विठोबा मूळचा बुद्ध, असे त्याच भाषणात ते म्हणाले. पण देऊळ ताब्यात घ्या असे म्हणाले नाहीत. तो दावा ग्रंथ लिहून सिद्ध करण्याचा त्यांचा मानस होता. जागा आपण नवी बांधू, इतिहास मात्र सोडणार नाही, असा तो बाणा होता.

हा इतिहास दगडावर लिहिलेला आहे. कार्ल्याच्या चैत्याचे द्वार आपण घडवले, असे धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराने ब्राह्मी लिपीत नोंदवून ठेवले आहे. हागिया सोफिया बांधणारा जस्टिनियन बादशहा आपल्या विद्यार्थ्याला पुस्तकातून भेटतो. पुण्याजवळचा हा सुतार त्याला कोण भेटवणार? कार्ल्याला सहल नेणाऱ्या शिक्षकाने मुलांना दाराशी थांबवून ती ओळ दाखवावी. एकवीरेचे दर्शन त्यानंतरही होईल.